गॅसकीट जात नाही

रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून जुना डिझेल ट्रॅक्टर चालू केला आणि आतल्या पाण्याला एकसारखे बुडबुडे येऊ लागले, की बघणाऱ्यांचे दोन गट पडतात. पहिला गट म्हणतो, "पाणी उकळतंय." दुसरा गट काहीच म्हणत नाही, फक्त मालकाकडे सहानुभूतीनं बघतो. दुसऱ्याला कळलेलं असतं. इंजिन आत्ताच चालू केलंय, हाताला कोमटसुद्धा लागत नाही, मग पाणी उकळेल कसं? ते बुडबुडे वाफेचे नसतातच. सिलिंडरमध्ये पेटलेल्या वायूनं पिस्टन खाली रेटायचा, ते सोडून तो वाट फोडून पाण्यात शिरलेला असतो. हेडखालचं गॅसकीट गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

हे गॅसकीट म्हणजे दीडेक मिलिमीटर जाडीचा, भोकाभोकांचा एक चपटा पत्रा. किंमत काही शे रुपये. खाली बिडाचा ब्लॉक, वर बिडाचं हेड, आणि दोघांच्या मध्ये हा. बिडाचे दोन पृष्ठभाग कितीही सफाईनं घासले तरी त्यांच्यात केसाएवढी फट राहतेच. ती भरून काढायची हे याचं काम. पण काम एवढ्यावर भागत नाही. त्याच्यातल्या मोठ्या भोकांतून आग जाते, मधल्यांतून पाणी, बारक्यांतून ऑइल, आणि या तिघांची एकमेकांशी गाठ पडू द्यायची नाही. तिघांमधलं अंतर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसतं.

त्यात हे डिझेल इंजिन. त्याला पेट्रोल इंजिनासारखा स्पार्क प्लग नाही. सिलिंडरमधली हवाच सोळा-सतरा पट दाबायची, म्हणजे ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि नोझलमधून आलेलं डिझेल तिच्यात पडल्याबरोबर पेटतं. १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये रुडॉल्फ डिझेल यांनी असं इंजिन नीट चालवून दाखवलं, तेव्हापासून हा दाब कुठंतरी कोंडून ठेवण्याची जबाबदारी गॅसकिटावर आली ती आजतागायत. डिझेल पेटलं की सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साठ-सत्तर किलोचा दाब होतो. सिलिंडरचं तोंड साडेतीन इंचांचं धरलं तर हेडला वर उचलून फेकू बघणारा जोर चार टनांच्या घरात जातो. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक सिलिंडर हा प्रयत्न मिनिटाला ७५० वेळा करतो. तीन सिलिंडर, आठ तासांची नांगरट. गुणाकार ज्याचा त्यानं करावा. गॅसकीट का गेलं यापेक्षा ते इतकी वर्षं राहिलं कसं, हाच प्रश्न मला जास्त पडतो.

आमच्या अण्णांकडचा ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन १०३५. त्याची कुळी बघायला गेलं तर भलतीच उच्च निघते. आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलानं, हॅरी फर्ग्युसननं, ट्रॅक्टरला अवजार नुसतं मागून बांधून ओढण्याऐवजी तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकवर उचलायची युक्ती काढली. १९३८ साली त्यानं हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर भागीदारी केली. पुढं फोर्डच्या नातवाच्या काळात ती फिसकटली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९५२ साली फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. हा आकडा ऐकून अण्णांनी "बांधाचा वाद असता तर अजून तारीख पडली असती" एवढंच मत दिलं. नंतर फर्ग्युसनचा धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिसशी एक झाला. इंजिनाचं घराणं इंग्लंडमधल्या पीटरबरोचं, १९३२ साली सुरू झालेल्या पर्किन्सचं. भारतात ते बनवणारी मद्रासची सिम्पसन कंपनी १८४० पासूनची, तेव्हा ती घोडागाड्या बांधायची. आणि १९६० साली मद्रासमध्येच टॅफे निघाली, तिनं हे ट्रॅक्टर इथल्या शेतात आणले.

हे सगळं मी एकदा मिस्त्रींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातून कामाचं तेवढं उचललं. "म्हंजी पानं इंची लागनार. मिलिमीटरची पेटी घरीच ठिवतो."

मिस्त्रींना बोलावण्याची पाळी मळणीनंतर आली. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर एका जागी उभा राहून यंत्र फिरवतो. हवेत सगळा भुसा. रेडिएटरमागचा पंखा समोरून हवा ओढतो, आणि हवेबरोबर भुसाही. तो पुढच्या जाळीवर बसतो. पहिल्या दिवशी पातळ थर, दुसऱ्या दिवशी जाड, तिसऱ्या दिवशी जाळी दिसतच नाही. चालू असलेल्या मळणीत जाळी झाडायला ट्रॅक्टर थांबवायचा म्हणजे यंत्र थांबवायचं. यंत्र थांबलं की माणसं बसणार, माणसं बसली की तंबाखू निघणार, तंबाखू निघाली की तासभर गेला. त्यामुळं जाळी तशीच राहते आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडं सरकत राहतो. त्याच्याकडं बघायला कोणाला वेळ नसतो, कारण सगळ्यांचं लक्ष ढगांकडं असतं.

पहिला इलाज घरगुती होतो. रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय म्हटल्यावर कोणीतरी त्यात मूठभर हळद टाकायला सांगतंच. हा सल्ला अगदीच खुळा नाही. रेडिएटरच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं असेल, तर हळदीची पूड तिथं जाऊन बसते आणि गळती काही दिवस थांबते. ड्रायव्हर लोकांनी या जोरावर घाट ओलांडलेले आहेत. पण गॅसकीट गेलेलं असताना हळद टाकली तर पाणी पिवळं होतं, बुडबुडे पिवळे होतात, आणि बाकी काहीही होत नाही. आमच्याकडं तेच झालं. सकाळी चालू होताना धुराड्यातून पांढरा धूर, इंजिनाचा ठोका तीनाऐवजी अडीच सिलिंडरचा, आणि ऑइलची पट्टी ओढून बघावी तर ऑइल काळं राहिलेलं नाही, दुधाळ झालंय. पाणी ऑइलमध्ये शिरल्याचा हा शेवटचा पुरावा. यापुढं इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगांचं वाटोळं.

मिस्त्री आले, त्यांनी पट्टी बघितली, धूर बघितला, आणि मग सगळ्यात शेवटी पुढची जाळी बघितली. बोटानं भुशाचा एक पापुद्रा उचलून त्यांनी तो अण्णांच्या हातावर ठेवला.

"अण्णा, गॅसकीट आपनहून कदी जात न्हाई. त्येला घालवावं लागतं."

या एका वाक्यात इंजिनशास्त्राचं बरंचसं पुस्तक येतं. बीड तापलं की फुगतं. सगळीकडं सारखं तापलं तर सारखं फुगतं आणि काही बिघडत नाही. पण पाणी कमी पडलं, हवा अडली, की हेडचा एक भाग जास्त तापतो, जास्त फुगतो आणि हेड किंचित वाकतं. वाकलं की गॅसकिटावरचा दाब एका जागी ढिला पडतो, आणि मिनिटाला ७५० वेळा धडका देणाऱ्या वायूला नेमकी तीच जागा सापडते. आरोप मात्र गॅसकिटावर होतो. "कंपनीचं नव्हतं", "डुप्लिकेट होतं", "आधीच्यानं नीट बसवलं नव्हतं." भुसा निर्दोष सुटतो.

जुन्या ट्रॅक्टरचं हेड उघडणं हा गावात जाहीर कार्यक्रम असतो. निमंत्रण कोणालाच नसतं आणि येतात सगळे. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, एक हायस्कूलचे गुरुजी, साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर असलेले तात्या, आणि शाळेला दांडी मारलेली दोन पोरं. यांत तात्यांना मान जास्त. ते बोलत कमी आणि मिस्त्रींनी पाना चुकीचा उचलला की नुसतं खाकरतात. मला बॅटरी धरायचं काम मिळतं. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. मिस्त्री जिथं बघत असतात तिथं उजेड पाडायचा असतो, आणि ते कुठं बघतायत हे बॅटरी धरणाऱ्याला त्यांच्या ओरडण्यावरूनच कळतं.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिल्याशिवाय मिस्त्री हेडला हात लावत नाहीत. गरम हेड सोडवलं तर ते सुटतानाच वाकतं. आधी पाणी काढलं, बॅटरीची वायर सोडली, बॉनेट उतरवलं. मग एअर क्लिनरचा पाइप, सायलेन्सर, रेडिएटरच्या नळ्या, नोझलला जाणारे डिझेलचे पाइप. पाइप सुटल्याबरोबर मिस्त्रींनी नोझलच्या आणि पंपाच्या उघड्या तोंडांना स्वच्छ चिंध्यांचे बोळे बसवले. बाकी सगळ्या इंजिनावर मूठभर माती पडली तरी त्यांना चालते, पण डिझेलच्या वाटेत धुळीचा एक कण गेलेला चालत नाही. पंप आणि नोझल यांच्या आतली फट इतकी बारीक असते, की तिथं वाळूचा कण म्हणजे दगडच.

मग वरचं झाकण काढून रॉकरचा दांडा उचलला आणि खालच्या पुशरॉड एकेक करून बाहेर आल्या. सहा सळया, दिसायला एकसारख्या. पण मिस्त्रींनी त्या एकत्र ठेवल्या नाहीत. बुटाच्या खोक्याच्या झाकणाला त्यांनी सहा भोकं पाडली, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा लिहिला, आणि ज्या जागेची सळई त्या भोकात खोचली. "इतक्या वर्सांत जी जिच्यासंगट घासली, ती तिच्याकडंच जायाला पायजे," असं ते म्हणाले. गुरुजींनी मान डोलावली. त्यांना यात काहीतरी व्यापक अर्थ दिसला असावा.

हेडचे नट बाहेरून सुरुवात करून आत येत, थोडे थोडे ढिले करायचे. एकच नट एका दमात काढला की हेड त्या बाजूनं ताण सोडतं आणि वाकतं. सगळे नट निघाल्यावरही हेड जागेवरून हलेना. टामी लावून उचकटायचा एसटी ड्रायव्हरांचा सल्ला मिस्त्रींनी ऐकला नाही, कारण टामीचा ओरखडा सपाट पृष्ठभागावर पडला की नवं गॅसकीटही तिथूनच जाणार. त्यांनी लाकडाचा ठोकळा लावून कडेनं हलके ठोके मारले, आणि दोन्ही पोरांच्या उत्साही मदतीनं हेड वर आलं.

जुनं गॅसकीट उजेडात आलं तेव्हा सगळी डोकी एकदम वाकली आणि माझ्या बॅटरीचा उजेड कोणाच्या तरी टोपीवर पडला. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांमध्ये जी अरुंद पट्टी असते, तिथं तांब्याची कड जळून गेली होती. पेन्सिलीच्या रेघेएवढा एक काळा मार्ग एका सिलिंडरमधून निघून दुसऱ्याला भेटत होता, आणि त्याचा एक फाटा पाण्याच्या भोकाकडं गेला होता. एवढी बारीक रेघ. तिच्यापायी अख्खा ट्रॅक्टर लिंबाखाली उभा होता. जुनी गॅसकिटं तांब्याच्या पत्र्यात अ‍ॅसबेस्टॉस भरून केलेली असायची. त्याचे चिकटलेले तुकडे कोरडे खरवडून धूळ उडवू नये, ओले करून काढावेत, तोंडाला फडकं बांधावं. ही धूळ छातीत जाऊन बसते आणि तिच्यावर हळदीचा काही इलाज नाही.

यापुढं येतं शेतकऱ्याच्या घरातलं सगळ्यात महागडं वाक्य. ते उच्चारायला फार अक्कल लागत नाही, कोणीही उच्चारू शकतो. आमच्याकडं ते ड्रायव्हरांनी उच्चारलं: "उघडलंच आहे तर वॉल पण बघून घ्या." वॉल बघितले की ते घासावे लागतात. तात्या म्हणाले, "उघडलंच आहे तर लायनर बघा." गुरुजींना इंजिनातलं फारसं कळत नव्हतं, पण मागं राहणं त्यांनाही बरं वाटेना. ते म्हणाले, "उघडलंच आहे तर रंगही देऊन टाका." काही शे रुपयांच्या गॅसकिटासाठी उघडलेलं इंजिन बघता बघता काही हजारांवर जातं ते असं. अण्णांनी वॉल घासायला होकार दिला आणि बाकीच्या सूचनांवर चहा पाजला.

वॉल घासायला पर्याय नव्हता, आणि हेड फलटणला लेथवर न्यायलाही. मिस्त्रींनी हेड उलटं ठेवून त्यावर स्टीलची सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी धरली आणि पट्टीखालून फीलर गेजचं पान सरकवून बघितलं. मधोमध पान अलगद आत गेलं. चार-पाच थाऊ, म्हणजे इंचाचे चार-पाच हजारावे भाग, एवढंच हेड वाकलं होतं. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही, पण वायूला पुरतं. लेथवाल्यानं फेसिंग करून दिलं, अगदी कमीत कमी खरवडून. कारण हेड प्रत्येक वेळी खरवडून घ्यायचं म्हटलं तर एक दिवस वॉल जाऊन पिस्टनला भेटायचे.

बाकी ठिकाणची पॅकिंगं मिस्त्रींनी तिथंच तयार केली. पाण्याच्या एल्बोवर जाड कागद ठेवायचा आणि छोट्या हातोडीच्या गोल टोकानं कडेकडेनं ठोकत जायचं. धातूची कड कागद कापत जाते आणि हवा तसा आकार निघतो. कागदाला आमच्या घरात कधी तोटा नसतो, कारण लग्नपत्रिकांचा गठ्ठा कोनाड्यात असतोच. जाड, गुळगुळीत, सोनेरी गणपतीची पत्रिका यासाठी उत्तम, फक्त गणपतीचा भाग आधी कापून बाजूला ठेवायचा. एका कुटुंबाच्या थोरल्या चिरंजीवांचा शुभविवाह आज आमच्या ट्रॅक्टरच्या एल्बोखाली पाणी अडवून बसलेला आहे. हेडखाली मात्र पत्रिका चालत नाही. तिथं दुकानातलं, त्या इंजिनाच्या नंबराचंच गॅसकीट लागतं, आणि त्याच्यावर वरची बाजू लिहिलेली असेल तर ती वर ठेवावी लागते. ते उलटं बसलं तर पाण्याची किंवा ऑइलची वाट बंद व्हायची भीती.

बसवण्याआधी मिस्त्रींनी ब्लॉकमधलं प्रत्येक भोक चिंधीनं कोरडं केलं, स्टडचे आटे तारेच्या ब्रशनं घासले. मग हेड वर ठेवलं, नट हातानं फिरवून बसवले, आणि टॉर्क पाना काढला. इथून पुढचा भाग बघणाऱ्याला कंटाळवाणा आणि करणाऱ्याला खरा. नट कसायला सुरुवात मधून करायची आणि गोल गोल बाहेर जायचं. एका फेरीत कोणालाही पूर्ण द्यायचं नाही. पंगतीत जाणता वाढपी पहिल्याच पानावर पातेलं रिकामं करत नाही, सगळ्यांना एकेक वाढी देत शेवटपर्यंत जातो आणि मग पुन्हा पहिल्या पानाशी येतो, तसं. पहिल्या फेरीत थोडं, दुसरीत आणखी, तिसरीत पुस्तकात लिहिलेला आकडा. पुस्तक त्यांच्याकडं होतं, काळं पडलेलं, आणि ते पाठ असूनही त्यांनी ते उघडून समोर ठेवलं.

ड्रायव्हरांना हे पटलं नाही. त्यांच्या मते हाताच्या अंदाजानं कसलं की पुरतं, आणि थोडं जास्तच कसलेलं चांगलं. "आमी असलं कधी मोजलं नाही," ते म्हणाले. तात्या खाकरले. जास्त कसलं तर स्टड ताणला जातो, कमी कसलं तर वायू निसटतो, आणि एक जास्त, एक कमी असं झालं तर सपाट करून आणलेलं हेड आपणच पुन्हा वाकवतो. गॅसकिटाला दाबाचं काही वाटत नाही. दाबलं जाण्यासाठीच ते केलेलं असतं. त्याला सोसत नाही ती असमानता.

मग पुशरॉड आपापल्या नंबरानं परत गेल्या, रॉकर बसला, आणि टॅपेट लावायचं काम सुरू झालं. रॉकर आणि वॉलच्या दांड्यामध्ये थंड इंजिनाला बारा थाऊ फट ठेवायची. फीलर गेजचं पान त्या फटीत सरकताना अडायचं नाही आणि सैलही जायचं नाही. किंचित ओढ लागली पाहिजे. ती किती, हे मिस्त्रींनी मला पान हातात देऊन दाखवलं. पुस्तकात नुसता आकडा असतो. ओढ बोटालाच कळते.

शेवटी डिझेलची हवा काढणं. पाइप सोडलेले असल्यामुळं त्यांत हवा भरलेली असते, आणि हवा असेपर्यंत नोझल डिझेल उडवत नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, आधी फेस येतो, मग फेसाळ डिझेल, मग नितळ डिझेल. मग पंपावरचा स्क्रू, मग नोझलचे नट. स्टार्टर मारला, दोनदा नुसताच खळखळला, तिसऱ्यांदा एका सिलिंडरनं हजेरी लावली, मागोमाग दुसऱ्यानं, आणि मग तिघांचा ठोका जुळला. काळा धूर आला, मग विरळ झाला. रेडिएटरचं झाकण उघडंच होतं. पाणी फिरत होतं, बुडबुडा एकही नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी नारळ फोडला, बॉनेटला हळदकुंकू लावलं, सगळ्यांना पेढे वाटले. गुरुजींनी विज्ञानावर दोन शब्द बोलून घेतले. पंधरा मिनिटांत लिंबाखाली कोणी उरलं नाही.

मिस्त्री तेवढे उरले, कारण त्यांचं काम व्हायचं होतं. इंजिन नीट गरम होऊ दिलं, आणि मग पुस्तक पुन्हा उघडून त्यांनी हेडचे सगळे नट त्याच क्रमानं आणखी एकदा तपासून कसले. काही नट पाव फेरी आत गेले. गरम झाल्यावर गॅसकीट आणखी बसतं, त्याची जाडी किंचित कमी होते, आणि सकाळी घट्ट असलेला नट दुपारी तेवढा घट्ट राहत नाही. हेड खाली बसलं की रॉकर खाली येतो, म्हणजे टॅपेटची फटही कमी होते. ती पुन्हा लावायची. आणि एवढ्यानंही भागत नाही. कामाचे पंचवीस-पन्नास तास झाले की तिसऱ्यांदा हाच खेळ.

"आत्ता नारळ फुटला, म्हंजी आता मला कोन बोलावनार?" मिस्त्री हात पुसत म्हणाले. त्यांचा अनुभव असा, की गॅसकीट गेल्यावर लोक रात्री दाराशी येतात, मोटारसायकलवर बसवून नेतात, जेवू घालतात. पण पन्नास तासांनी पुन्हा कसायला म्हणून कोणीही बोलावत नाही. ट्रॅक्टर चालू आहे, मग मिस्त्री कशाला? ढिलं राहिलेलं हेड हंगामभर निमूट चालतं आणि पुढच्या मळणीत जातं. मग पुन्हा तीच गर्दी, तेच "कंपनीचं नव्हतं", आणि तीच हळद.

मला यात आपला एकूण स्वभावच दिसतो. बिघाडाला आपण सगळे हजर असतो, उद्घाटनालाही असतो. मधलं जे असतं, म्हणजे जाळी झाडणं, पाणी बघणं, चालू असलेल्या गोष्टीचे नट पुन्हा तपासणं, त्याला प्रेक्षक मिळत नाहीत, त्याचे पेढे वाटत नाहीत, आणि त्याचा फोटोही कोणी काढत नाही. त्या बिनप्रेक्षकाच्या कामावर इंजिन चालतं. उरलेलं सगळं नाटक त्या कामाच्या अभावावर चालतं.

अण्णांनी मात्र त्या वर्षी मिस्त्रींना तिसऱ्या वेळेला बोलावलं. मीटरवरचे तास त्यांनी कोनाड्याशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवले होते. मिस्त्रींनी चार नट पाव-पाव फेरी कसले, टॅपेटला पान घातलं, एक कप चहा घेतला आणि मजुरी घ्यायला नाही म्हणाले. अण्णांनी ती खिशात कोंबली.

अलीकडच्या काही इंजिनांचे बोल्ट आणि गॅसकिटं अशी असतात, की एकदा ठरल्याप्रमाणं कसली की पुन्हा हात लावायचा नाही. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात तसं लिहिलं असेल तर तेच खरं माना. पण दारात जुनं इंजिन असेल, तर एवढं करा: मळणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पुढची जाळी झाडा, आणि हेड उघडून बसवलेलं असेल तर ट्रॅक्टर उत्तम चालू असतानाच मिस्त्रींना पुन्हा एकदा बोलवा. बघायला कोणी येणार नाही. पेढ्यांचा खर्च वाचेल.